फँटम लेडी, अंक १७: एका मुखपृष्ठाचं प्रकरण

एप्रिल १९४८ ही तारीख छापलेलं एक अमेरिकन कॉमिक. किंमत दहा सेंट, नाव ‘फँटम लेडी’, अंक १७. मुखपृष्ठावर खांबाला दोरखंडानं बांधलेली तरुणी. अंगावर निळा, जेमतेम म्हणावा असा पोशाख आणि पाठीवर लाल केप. दोरातून सुटायची तिची धडपड चालली आहे. पाहणाऱ्याची नजर कुठे जावी, याबद्दल चित्रकारानं कसलाही संकोच बाळगलेला नाही. गळा खोल आहे, छाती पुढे आहे आणि बाकी सगळं त्यानंतर येतं.

जुन्या कॉमिक्सची मुखपृष्ठं आणि त्यांवरच्या सुपरनायिका हा विषय निघाला की हे चित्र येतंच. सहा वर्षांनी डॉ. फ्रेड्रिक वर्थम या नामवंत मनोविकारतज्ज्ञानं ते आपल्या पुस्तकात पुराव्यादाखल छापलं, आणि तेव्हापासून ते स्वतःच्या गोष्टीपासून तुटून एक उदाहरण होऊन बसलं. माझं म्हणणं असं की, या चित्रात त्या तज्ज्ञाला दिसलं ते खोटं नव्हतं; पण ते अर्धं होतं, आणि त्या अर्ध्यावरच जो इलाज झाला त्यानं नायिकेचं काही भलं केलं नाही.

फँटम म्हटल्यावर मराठी वाचकाला इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवणार. हिचं त्याच्याशी काही नातं नाही. ना कवटीची गुहा, ना जबड्यावर उमटणारी अंगठी.

ही बाई कुठली

फँटम लेडीचा जन्म ऑगस्ट १९४१ चा, क्वालिटी कॉमिक्सच्या ‘पोलीस कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातला. प्लॅस्टिक मॅनही त्याच अंकात पहिल्यांदा आला आणि पुढे भाव खाऊन गेला तो तोच. फँटम लेडी म्हणजे सँड्रा नाइट, वॉशिंग्टनमधल्या सेनेटर हेन्री नाइट यांची मुलगी. दिवसा पार्ट्यांना जाणारी श्रीमंताघरची पोर, रात्री हेरांच्या आणि गुंडांच्या मागावर. अंगात अलौकिक शक्ती वगैरे काही नाही. तिचं शस्त्र म्हणजे ‘काळा प्रकाश’ टाकणारी विजेरी. प्रकाशाऐवजी अंधाराचा झोत पडतो, समोरचा आंधळा होतो आणि मग ही त्याला ठोसे देते. चेहऱ्यावर मुखवटा नाही. तरीही सरकारी नोकरीतल्या तिच्या वाग्दत्त वराला, डॉन बोर्डनला, आपली सँड्रा आणि ही रात्रीची बाई एकच आहेत हे कधी उमगत नाही. तिच्या चेहऱ्याकडे कुणी बघतच नसावं, हा विनोद जुन्या वाचकांत मुरलेला आहे. या प्रकरणात तो विनोदापेक्षा थोडा जास्त लागू पडतो.

सुरुवातीला ती आर्थर पेडी यांनी काढली. तेव्हा तिचा पोशाख पिवळा आणि केप हिरवी असे. चित्रं बेताची, बाईही बेताची. ऑक्टोबर १९४३ च्या सुमारास ती ‘पोलीस कॉमिक्स’मधून गेली आणि कुणी फारशी चौकशीही केली नाही.

त्या काळी कॉमिक्सचा बराच माल ‘शॉप’मध्ये तयार व्हायचा. लेखक, पेन्सिलनं चित्र काढणारा, शाई चढवणारा, अक्षरं लिहिणारा असे सगळे एका छताखाली बसायचे आणि तयार पानं प्रकाशकाला विकली जायची. फँटम लेडी अशाच एका शॉपमधली, जेरी आयगर यांच्या. त्यामुळे ती नेमकी कुणाच्या मालकीची, हा प्रश्न धूसर राहिला. क्वालिटीनं तिला सोडल्यावर आयगरनं तिला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे नेलं: व्हिक्टर फॉक्स यांच्या फॉक्स फीचर सिंडिकेटकडे.

फॉक्स हा गृहस्थ चाललेल्या गोष्टीची नक्कल करण्यात वाकबगार. १९३९ मध्ये सुपरमॅनचा धंदा पाहून त्यानं ‘वंडर मॅन’ काढला, तो एका अंकात कोर्टात गेला आणि बंद पडला. युद्धानंतर केपवाल्या वीरांचा खप घसरू लागला तेव्हा त्यानं वारा ओळखला. ‘रूला’सारख्या जंगलराण्या, ‘क्राइम्स बाय विमेन’ हे गुन्हेगार बायकांचं मासिक आणि या सगळ्यांत फँटम लेडी. ऑगस्ट १९४७ मध्ये तिचा पहिला स्वतंत्र अंक आला, त्यावर क्रमांक होता १३. आधी ‘वोटालाइफ कॉमिक्स’ नावाचं एक मासिक होतं, त्याचं नाव बदलून क्रमांक तसाच पुढे चालवला. नव्या मासिकासाठी टपाल खात्याची नवी परवानगी काढायचा खर्च आणि खटाटोप वाचावा म्हणून प्रकाशक सर्रास असं करत. म्हणजे आपला अंक १७ हा खरं तर पाचवा.

हात कुणाचा

फॉक्सकडे आल्यावर पोशाख निळा झाला, केप लाल झाली आणि कापड बरंच कमी झालं. हे नवं रूप मॅट बेकर यांचं, आणि अंक १७ चं मुखपृष्ठही त्यांच्याच नावावर धरलं जातं.

क्लॅरेन्स मॅथ्यू बेकर, जन्म १९२१, नॉर्थ कॅरोलायनातला. वाढले पिट्सबर्गमध्ये, शिकले न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये. अमेरिकन कॉमिक्समध्ये नाव मिळवलेल्या पहिल्या कृष्णवर्णी चित्रकारांपैकी ते एक. हृदय लहानपणापासून अधू होतं आणि १९५९ मध्ये वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी ते गेले. १९४४ मध्ये आयगरच्या शॉपमध्ये त्यांना पहिलं काम मिळालं ते ‘शीना’ या जंगलराणीच्या गोष्टीतल्या बायका काढायचं. बायका काढणारा म्हणूनच त्यांची गणना झाली आणि पुढे प्रेमकथांच्या मासिकांची मुखपृष्ठं हीच त्यांची ओळख ठरली.

बेकरच्या बायका नीट पाहिल्या तर त्यांना वजन आहे हे जाणवतं. एका पायावर भार, दुसरा सैल, खांद्याचा उतार त्याला धरून. त्या काळच्या कितीतरी चित्रकारांच्या नायिका दुकानातल्या पुतळ्याला केप घातल्यासारख्या उभ्या असत. बेकरची नायिका हाडामासाची वाटे. म्हणूनच ती अधिक मादक झाली, हे मान्य करायला हवं. कौशल्य आणि सवंगपणा एकाच रेषेत असू शकतात. या मुखपृष्ठाबद्दल लिहिणारे बरेच जण यातली एकच बाजू धरतात, ते मला पटत नाही. चित्रकला उत्तम आहे म्हणून चित्राचा हेतू सोवळा ठरत नाही, आणि हेतू विक्रीचा होता म्हणून चित्र टाकाऊही ठरत नाही.

स्टॉलवर

मुखपृष्ठ म्हणजे आतल्या गोष्टीचा सारांश, असा आपला समज असतो. तेव्हाच्या कॉमिक्समध्ये तो लागू पडेलच असं नाही. मुखपृष्ठ ही स्टॉलवरची जाहिरात होती. आतली पानं स्वस्त, भुरकट वृत्तपत्री कागदावर. मुखपृष्ठ चकचकीत कागदावर, भडक रंगात. मासिकं एकमेकांवर अर्धी चढवून मांडलेली, शेजारी शंभर प्रतिस्पर्धी. न खपलेले अंक परत जायचे, आणि तेही पूर्ण अंक नव्हे. विक्रेता मुखपृष्ठाचा वरचा तुकडा फाडून पाठवी आणि पैसे वळते करून घेई. अशा बाजारात प्रकाशकाला चित्राकडून एकच गोष्ट हवी असते: हात पुढे यावा.

हा हात कुणाचा, हेही बघायला हवं. युद्धात अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांत कॉमिक्स प्रचंड खपली होती. ते सैनिक घरी आले तेव्हा वाचनाची सवय बरोबर घेऊन आले. छावणीतल्या भिंतींवर चिकटवलेल्या सुंदरींची चित्रं आणि फँटम लेडीचं मुखपृष्ठ यांची जातकुळी एकच. गोम इतकीच की सैनिकासाठी काढलेलं चित्र त्याच स्टॉलवर, त्याच दहा सेंटला, दहा वर्षांच्या पोरालाही मिळत होतं. वर्थमच्या रागाचा सगळ्यात खरा भाग इथे आहे.

चित्र काय सांगतं

बांधलेली बाई ही त्या दशकातल्या मुखपृष्ठांची कायमची रहिवासी. एखाद्या नाझीनं किंवा राक्षसानं तिला खुर्चीला, खांबाला, करवतीच्या पाट्याला बांधलेलं असतं, आणि चित्राच्या दुसऱ्या कोपऱ्यातून नायक उडी घेत येत असतो. तिचं काम फक्त किंचाळायचं. पोरांनाही बांधत, हे विसरू नये. कॅप्टन अमेरिकेचा पोरसवदा साथीदार बकी कितीतरी मुखपृष्ठांवर दोरात अडकलेला दिसतो. तोही सोडवला जाण्यासाठीच तिथे असतो. म्हणजे चित्रातल्या दोराला व्याकरण होतं: बांधलेलं पात्र हे कर्म, उडी घेणारा कर्ता.

अंक १७ मध्ये हे व्याकरण गडबडतं. इथे बांधली गेलेलीच मासिकाची नायिका आहे. शीर्षकात नाव तिचं, केप तिच्या पाठीवर, सुटायची धडपडही तिचीच. वाचकाला ठाऊक आहे की आत जाऊन गुंडांना लोळवणार आहे तीच, कारण दर अंकात तेच होतं. डॉन बोर्डन येऊन सोडवेल अशी शक्यता जवळपास शून्य. बहुतेक गोष्टींत त्यालाच सोडवावं लागतं. त्या अर्थानं हे सुटकेच्या आधीच्या क्षणाचं चित्र आहे.

पण चित्रकारानं हाच क्षण का निवडला? ठोसा मारतानाचा क्षण का नाही? काळ्या प्रकाशाचा झोत टाकतानाचा का नाही? फॉक्सला तिची ताकद विकायची नव्हती, अडचणीत सापडलेली ताकद विकायची होती. बांधलेली साधी मुलगी हजार मासिकांवर होती. एरवी कुणाच्या हाती न लागणारी बाई खांबाला बांधलेली दाखवण्यात जास्त चव होती, आणि ती चव निष्पाप नव्हती. तिची धडपड देहाला आणखी एक वळण देते, ते वळण पाहणाऱ्यासाठी काढलेलं आहे. म्हणजे सुटकेची हालचाल आणि प्रदर्शनाची हालचाल एकच झाली. हे चित्र दोन्ही बाजूंनी वाचता येतं ते याचमुळे.

शेजारी वंडर वुमन ठेवली तर फरक उठून दिसतो. जानेवारी १९४२ च्या ‘सेन्सेशन कॉमिक्स’च्या पहिल्याच मुखपृष्ठावर ती बंदुकीच्या गोळ्या मनगटातल्या कड्यांवर झेलत पुढे झेपावते. तिच्या स्वतःच्या ‘वंडर वुमन’ मासिकाच्या १९४३ च्या अंक ७ वर ती अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवार म्हणून सभेत भाषण करताना दिसते. तिचे जनक विल्यम मोल्टन मार्स्टन यांना साखळदंडांचं वेड कमी नव्हतं, गोष्टींत ती सारखी बांधली जाते. त्यावर चाइल्ड स्टडी असोसिएशनच्या जोझेट फ्रँक यांनी १९४३ मध्येच हरकत घेतली होती. त्याआधी, १९४२ मध्ये, तिचा पोशाख अपुरा आहे म्हणून कॅथलिकांच्या एका सदभिरुची-समितीनं ‘सेन्सेशन’ला काळ्या यादीतही टाकलं होतं. तरी मुखपृष्ठावर ती बहुधा काहीतरी करत असते. मार्स्टन १९४७ मध्ये वारले. १९४९ च्या अखेरीस ‘सेन्सेशन’च्या ९४ व्या अंकावर इर्विन हासन यांनी काढलेलं दृश्य असं: तिचा प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हर तिला दोन्ही हातांवर उचलून दगडांवरून ओढा पार करतो आहे. अंगावर कपडा तितकाच, देहाचं प्रदर्शन फारसं नाही, दोर तर नाहीच. हे चित्र कुणाच्याही काळ्या यादीत जाणार नाही. पण विमानं अडवणारी बाई इथे ओढा ओलांडायला पुरुषाच्या कडेवर बसली आहे. दोन चित्रांतलं मला अधिक अपमानास्पद कुठलं वाटतं असं विचाराल तर मी अंक १७ कडे बोट दाखवणार नाही.

वर्थम यांचा मथळा

डॉ. फ्रेड्रिक वर्थम यांना खलनायक ठरवणं कॉमिक्सच्या चाहत्यांना फार सोपं जातं. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. १९४६ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये, सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात, लाफार्ग क्लिनिक उघडलं. कृष्णवर्णी रुग्णांना मानसोपचार मिळणंच दुर्मीळ होतं तेव्हा तिथे पाव डॉलरमध्ये तपासणी होई. शाळांमधल्या वर्णभेदानं मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याबद्दल डेलावेअरच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली. तो खटला पुढे शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या प्रसिद्ध ब्राउन निकालात सामावला गेला. मुलांची काळजी त्यांना मनापासून होती.

कॉमिक्सविरुद्ध त्यांची आघाडी उघडली ती नेमकी १९४८ च्या वसंतात. २७ मार्चच्या ‘कोलियर्स’ साप्ताहिकात त्यांच्या मतांवरचा लेख आला, मे महिन्यात ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये त्यांचा स्वतःचा. अंक १७ वरचा महिना या दोन्हींच्या मधला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावी आणि डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला शाळकरी मुलांकडून कॉमिक्सच्या होळ्या करवल्या गेल्या. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती, पुस्तकं जाळणारे कोण होते हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं, तरीही.

एप्रिल १९५४ मध्ये त्यांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ बाहेर आलं. मधल्या चित्रांच्या पानांत अंक १७ चं मुखपृष्ठ होतं आणि खाली मथळा. मतितार्थ असा: मुलांच्या बोलीत ज्यांना हेडलाइट्स म्हणतात ते स्तन, आणि बाईला बांधून ठेवण्याचं परपीडकाचं स्वप्न, यांची सांगड घालून केलेलं लैंगिक उद्दीपन.

पुस्तकात चित्र छापलं होतं काळ्या-पांढऱ्यात. ही बाब किरकोळ वाटेल, मला ती मोठी वाटते. लाल केप आणि निळा पोशाख ही सुपरवीराची वर्दी. लहान पोराला त्या रंगांवरूनच कळतं की ही जिंकणाऱ्यांतली आहे. रंग गेले की उरते एक अर्धवस्त्र बाई आणि दोर. मथळ्यात तिच्या धडपडीचा उल्लेख नाही, ती मासिकाची नायिका आहे हेही नाही. वर्थमना चित्रात बांधणारा दिसला, सोडवून घेणारी दिसली नाही. गंमत म्हणजे फॉक्सलाही गिऱ्हाइकानं नेमकं तेवढंच पाहायला हवं होतं.

सुटलेली बाई त्यांना आवडली असती का? त्याच पुस्तकात वंडर वुमनबद्दलचं मत आहे: मुलांसाठी ती भयावह, मुलींसाठी विकृत आदर्श. बळकट, पुरुषाविना जगणारी, मैत्रिणींच्या घोळक्यातली बाई त्यांना समलिंगी कलाची वाटली. बांधलेली असेल तर छळ आणि मोकळी असेल तर विकृती. मग नायिकेनं मुखपृष्ठावर उभं तरी कसं राहायचं, याचं उत्तर त्या पुस्तकात नाही.

आणखी एक योगायोग टोचतो. हार्लेममधल्या कृष्णवर्णी मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरानं ज्या चित्राला आरोपी केलं, त्याचा चित्रकार कृष्णवर्णी होता. बेकरचं नाव सामान्य वाचकाला तेव्हा माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

२०१२ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या संशोधक कॅरल टिली यांनी वर्थम यांची कागदपत्रं तपासून दाखवून दिलं की, मुलांच्या जबान्या त्यांनी वाकवल्या, जोडल्या, सोयीच्या केल्या होत्या. त्यामुळे पुस्तकाचा शास्त्रीय पाया खचला. अंक १७ विषयीचं त्यांचं म्हणणं मात्र त्यानं आपोआप रद्द होत नाही. मथळ्यातली ‘सांगड’ चित्रात आहेच, ती पाहायला कुठल्या जबानीची गरज नाही.

इलाज

२१ आणि २२ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये सेनेटच्या बालगुन्हेगारीवरच्या उपसमितीपुढे कॉमिक्सबद्दल सुनावणी झाली. तिथे गाजलं ते दुसरंच मुखपृष्ठ: कुऱ्हाड आणि बाईचं तोडलेलं मुंडकं. त्याचे प्रकाशक विल्यम गेन्स यांनी भयकथेच्या मासिकासाठी ते सदभिरुचीला धरूनच आहे असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांची शोभा झाली. इथेही बाईचंच मुंडकं होतं, हे मात्र कुणी मुद्दा म्हणून मांडलं नाही.

सरकारी कायदा येण्याआधी आपणच नियम करावेत म्हणून प्रकाशकांनी संघटना काढली आणि २६ ऑक्टोबर १९५४ ला कॉमिक्स कोड स्वीकारला. नग्नतेला बंदी, पात्रांचे कपडे समाजमान्य हवेत, स्त्रिया वास्तव दिसतील अशा काढाव्यात, शरीराच्या कुठल्याही वैशिष्ट्याची अतिशयोक्ती नको. नियम वाचताना चुकीचं काही सापडत नाही. पण स्त्री-पात्रांवरच्या नियमांचा रोख कापडावर आणि मोजमापांवर. तिनं गोष्टीत काय करावं, मुखपृष्ठावर तिची जागा कोणती, तिला सतत कुणी वाचवायलाच हवं का, यांचा त्यात विचार नाही.

फँटम लेडीवर या सगळ्याचा परिणाम काय झाला? मूळ मासिकावर काहीच नाही. ते अंक २३ नंतर, एप्रिल १९४९ मध्ये, म्हणजे वर्थमच्या पुस्तकाआधी पाच वर्षं बंद पडलं होतं आणि फॉक्सनंही त्यानंतर लवकरच दिवाळं काढलं. अमेरिकेच्या घरोघरी ज्या चित्रावर चर्चा झाली ते तोवर रद्दीत गेलेलं होतं. १९५४-५५ मध्ये एजॅक्स-फॅरल या छोट्या कंपनीनं तिला पुन्हा आणलं. कोडाच्या सावलीत गळा बंद झाला, पोशाख शालीन झाला. चार अंकांत मासिक संपलं.

त्याच वातावरणात, जुलै १९५६ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २३३ मध्ये, बॅटवुमन आली. अंगभर पोशाख, अतिशयोक्ती नाही, दोर नाहीत. तिची हत्यारं खांद्याला लटकवलेल्या पर्समध्ये: पावडरचा डबा, लिपस्टिक वगैरे प्रसाधनाच्या रूपातली. कोडाच्या कसोटीवर ती उत्तीर्ण. सँड्रा नाइटकडे निदान विजेरी तरी होती.

क्वालिटीची पात्रं १९५६ मध्ये डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेकडे गेली आणि १९७३ मध्ये फँटम लेडी ‘फ्रीडम फायटर्स’ या गटात परतली. पण संग्राहकांच्या बाजारात मागणी आहे ती बेकरच्या फॉक्स-काळालाच. जुन्या कॉमिक्सच्या दरपुस्तिकेत ज्या अंकांचा वर्थमनं उल्लेख केला त्यांच्यापुढे तशी खास नोंद असते, आणि त्या नोंदीनं किंमत चढते. फॉक्सनं लावलेल्या दहा सेंटांच्या किमतीत सर्वांत मोठी भर घातली ती शेवटी डॉ. वर्थम यांनी.